तीनदा परत आलेलं कार्ड

टाचणी अकरा वर्षांपूर्वी वारली. शाळेच्या दप्तरात तशी नोंद आहे, माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात तिच्यासाठी उभं राहून शांतता पाळून झाली आहे, आणि या दोन्ही गोष्टी रीतसर पार पडल्यामुळे त्यात आता फेरफार करण्यासारखं काही उरलेलं नाही. तेव्हा तो विषय मिटला. असं काही झालंच नाही असं धरून आपण चालू या, कारण त्या मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता टाचणी चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसली होती, आणि समोरच्या खुर्चीतल्या बाईच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवून, डाव्या डोळ्यापुढे काळी चकती सरकवून, रोजच्या आवाजात विचारत होती, "हे बरं, की हे?"

एकोणीस वर्षं ती हेच विचारत आली होती. हे बरं, की हे? पहिलं, की दुसरं? या प्रश्नाला माणसं जशी उत्तरं देतात तशीच ती जगत असतात, असं तिचं मत होतं. पण मत विचारायला कुणी फिरकत नसल्यामुळे ते तिच्याकडेच पडून होतं. काही जण भिडेखातर दोन्ही बरं म्हणतात. काही जण परीक्षेला बसल्यासारखे घामाघूम होतात आणि उठताना विचारतात, "किती बरोबर आले?" एका निवृत्त न्यायाधीशांनी तर निर्णय राखून ठेवला होता आणि चार दिवसांनी दुकानात फोन करून "पहिलं" एवढंच कळवलं होतं. समोरची बाई यांतल्या कुठल्याच जातीची नव्हती. ती भांडत होती.

"दोन्ही सारखीच आहेत. तुम्ही काच बदललीच नाहीत."

"बदलली."

"मग आवाज का नाही आला?"

टाचणीने पुढची काच मुद्दाम आवाज करून बसवली. उणे सव्वादोन. "आता?"

भिंतीवरची शेवटची ओळसुद्धा बाईला आता वाचता येत असणार, पण तिचं भिंतीकडे लक्षच नव्हतं. स्टुलाशेजारच्या छोट्या दिव्याचा उजेड टाचणीच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता, आणि बाई चौकटीसकट मान वळवून एका डोळ्याने त्या अर्ध्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती.

"अगं," ती म्हणाली, "तू मेलीस ना?"

टाचणीने सवयीने कागदावर लिहिलं: उजवा डोळा, उणे सव्वादोन. नंबर अचूक लागला होता, याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

"टाचणी! अगं, मी मॉनिटर!"

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने स्वतःची अशी ओळख करून द्यावी आणि समोरच्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईची पाठ त्यासरशी आपोआप ताठ व्हावी, ही त्या शाळेची करामत होती. सिस्टर लोकांची मुलींची शाळा. जिन्यात डावीकडून चालायचं, फळ्यापाशी हळू बोलायचं, आणि वर्गात मॉनिटर बोट वर करील तेव्हा श्वासही जरा बेतानेच घ्यायचा. टाचणी हे नावही मॉनिटरनेच ठेवलेलं. बारीक होती म्हणून नव्हे; मॉनिटरचं म्हणणं असं होतं की ही पडली तर आवाज होत नाही, आणि कुणाच्या पायात घुसेपर्यंत हिची आठवण होत नाही. यातला दुसरा भाग खोटा होता. टाचणी कुणाच्या पायात कधी घुसली नव्हती.

"कशाने मेले मी?" तिने विचारलं.

"ते लिहिलेलं नाही. आम्ही आपलं धरून चाललो, अल्पशा आजाराने." मॉनिटरने चौकट नाकावर सावरली. "मी माजी विद्यार्थिनी संघाची चिटणीस आहे. सगळ्या बॅचेसशी संपर्क ठेवायचं काम माझं. तुझ्यासाठी एक मिनिट शांतता पाळली होती, घड्याळ मीच लावलं होतं. बावन्नाव्या सेकंदाला कुणीतरी शिंकलं, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून घेतली. म्हणजे तुला जवळजवळ दोन मिनिटं मिळाली. एवढी आजवर कुणालाच मिळालेली नाहीत."

"पण तुम्हाला सांगितलं कुणी?"

"टपाल सिस्टरनी."

आणि मग एका डोळ्यावर काळी चकती असलेल्या मॉनिटरने जे सांगितलं ते असं. टपाल सिस्टर, म्हणजे भूगोल शिकवणाऱ्या सिस्टर, आता नव्वदीच्या, शाळेमागच्या घरात राहतात. त्यांच्याकडे लाकडी कपाटाचे दोन खण आहेत. पहिल्या खणात शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलीचं एक कार्ड. त्यावर तिचा हजेरीपटावरचा नंबर, तिचं शाळेतलं पूर्ण नाव, आणि खाली पत्ते, एक खोडून दुसरा, दुसरा खोडून तिसरा. लग्नानंतरची नावं सिस्टर लिहीत नाहीत. मुली पुन्हापुन्हा बदलतात, म्हणतात, मी किती खोडू? वाढदिवसाला प्रत्येकीला एक पोस्टकार्ड. एका वर्षी परत आलं तर पुढल्या वर्षी पुन्हा. ओळीने तीन वर्षं परत आलं, की मुलगी दुसऱ्या खणात.

"आणि दुसऱ्या खणातल्यांचं काय करतात?"

"दर शुक्रवारी सकाळी सव्वानऊला प्रार्थनाघरात त्यांची नावं घेतात. एकेकीचं. कधी चुकवलं नाही गं. पाय मोडला होता तेव्हा खुर्चीसकट उचलून नेलं होतं त्यांना."

"माझंही घेतात?"

"मेलेल्यांत भेदभाव करत नाहीत सिस्टर." मॉनिटर उत्साहाने पुढे झुकली. "पण तू काळजी करू नकोस. या शुक्रवारी ये, आपण नाव काढून टाकू. फोटो काढू, ग्रुपवर टाकू. तुझ्यासाठी अडतीस जणींनी जोडलेले हात पाठवले होते, ते सगळे परत घ्यावे लागतील."

"डावा डोळा राहिलाय," टाचणी म्हणाली.

डाव्या डोळ्याचा नंबर तिने कसा काढला हे तिला पुढे आठवेना. आठवत राहिला तो शुक्रवार. मेल्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. ती बातमी जुनी होती आणि तब्येतीवर तिचा काही परिणाम दिसत नव्हता. पण शुक्रवारी सकाळी सव्वानऊला आपण कुठे असतो? तर इथे. दुकान दहाला उघडतं, पण शुक्रवारी काचांची खोकी येतात म्हणून ती नऊलाच येते, मागच्या टेबलावर बसून पात्याने चिकटपट्टी कापते, पातळ कागदातली एकेक काच काढून उजेडापुढे धरते, चरा पडलाय का बघते, पुन्हा कागदात गुंडाळते. अकरा वर्षं. ती काच उजेडापुढे धरत असताना, शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी मोठ्याने तिचं नाव घेत होतं. तिने ठळक शुक्रवार आठवून पाहिले. एका शुक्रवारी पात्याने बोट कापलं होतं. एका शुक्रवारी छातीतल्या गाठीचा अहवाल यायचा होता, आणि ती त्याच त्या काचेला चौथ्यांदा कागदात गुंडाळत होती. त्या वेळीही घेतलं असणार. पण हे शुक्रवार बाजूला काढून ठेवले तरी मागे पाच-साडेपाचशे शुक्रवार उरत होते, ज्यांत काहीच झालेलं नव्हतं, जे तिला एकमेकांपासून वेगळेसुद्धा करता येत नव्हते. आणि ती अडली ती त्यांच्यापाशी. दुःखात कुणी आठवण काढली तर समजू शकतं. पण ती नुसतीच बसली होती, तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, जेवणाच्या डब्यात अंडं आणि पाव होता, खिडकीवर एक माशी होती, आणि या असल्या सकाळीसुद्धा कुणीतरी तिचं नाव गाळलं नव्हतं. आपण एकटेच जेवतो अशी खात्री असलेल्या माणसाला अकरा वर्षांनी कळावं, की समोरच्या खुर्चीत रोज कुणीतरी बसून जात होतं, तसं काहीसं. आणि ती त्यांच्या धर्माचीसुद्धा नव्हती. शाळेत असताना प्रार्थनेच्या वेळी ती डोळे मिटून पाढे म्हणत असे.

बुधवारी रात्री घरी तिने आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. एक्याऐंशी वर्षांची, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, आणि आयुष्यभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिल्यामुळे आता स्वतः ओरडून बोलणारी. नवऱ्याचं घर सोडल्यावर तीन वर्षं भाड्याच्या खोलीत काढून टाचणी जी हिच्याकडे आली ती इथेच राहिली.

"मेलीस?" आत्या ओरडली. "बरं. मग मघाशी दूध उतू कुणी घालवलं?"

"आत्या, दर शुक्रवारी माझं नाव घेतात."

"चांगलंय की! जिवंत माणसाचं कोण घेतं? चाळीस वर्षं मी लोकांना विचारलं, नाव काय, कुणाशी बोलायचंय. एका मेल्याने उलट विचारलं नाही, बाई, तुझं नाव काय."

"मी घेते की तुझं नाव."

"तू आत्या म्हणतेस. ते नातं झालं. नाव कुठे घेतेस?"

हे खरं होतं, आणि ते खरं असल्याचं कळल्यावर टाचणी चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. दुकानात ती मॅडम होती. आत्याची पोर होती. नवऱ्याची ती "ऐकलंस का" होती, आणि त्याला कारण असं की ती ऐकत नसे. कचेऱ्यांमधून तिचं पूर्ण नाव विचारतात, पण ते तिचं तिलाच सांगावं लागतं. गेल्या अकरा वर्षांत तिचं नाव, आपणहून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, तोंडाने उच्चारणारं माणूस जगात एकच होतं, आणि तिला मेलेली समजल्यामुळेच ते उच्चारत होतं. परवा ती तिथे जाऊन उभी राहील. मॉनिटर फोटो काढील. चूक दुरुस्त होईल, नाव खोडलं जाईल, आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी सव्वानऊला ती काच उजेडापुढे धरील तेव्हा ती फक्त काच असेल. न जावं तर? मॉनिटर तिच्यावाचूनही खोडीलच. चष्मा न्यायला आली तेव्हा तिने तसं बजावलंही होतं. जिवंतपणी एखाद्या गोष्टीवर हक्क सांगायचा तर माणसाकडे काहीतरी कागद लागतो. तिच्याकडे फक्त जिवंत असल्याचा पुरावा होता, आणि नेमका तोच तिच्या विरुद्ध जात होता.

शुक्रवारी मालकांना सांगून तिने पहिल्यांदा रजा घेतली आणि शाळेकडे चालत निघाली. चालताना तिला तीन कार्डं आठवली. खरं म्हणजे आठवली नाहीत, कारण तिने ती पाहिलीच नव्हती. तिला आपला हात आठवला. भाड्याच्या खोलीतली ती तीन वर्षं. जुन्या घराच्या पत्त्यावरचं टपाल खोलीवर यायची सोय तिने शहाणपणाने करून ठेवली होती, आणि मग ते येऊ लागल्यावर तिला ते सहन होईना. मामेबहिणींची पत्रं, काकांचा उपदेश, लग्नाची निमंत्रणं, सगळ्यांत तोच एक प्रश्न निरनिराळ्या हस्ताक्षरांत. तिने नियम केला. उघडायचं नाही, उलटून पाहायचं नाही. वर निळ्या शाईने "इथे राहत नाही" असं लिहायचं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत परत टाकून यायचं. तीन वर्षं तिने स्वतःच्या घराच्या दारात बसून, स्वतःच्या अक्षरात, आपण इथे राहत नसल्याचं जगाला कळवलं होतं. जगाने ते मान्य केलं. एकेक करून सगळी पत्रं थांबली, आणि तिला वाटलं होतं, सुटले. म्हणजे कार्ड परत पाठवणारं टपालखातं नव्हतं, घरमालक नव्हता, नवराही नव्हता. अल्पसा आजार तो हाच.

फाटकात मॉनिटर उभी होती, नव्या चष्म्यात. "सगळं इतकं स्पष्ट दिसतंय ना," ती म्हणाली, "की सकाळपासून तीन जणींना बोलले मी." ओवऱ्यांतून जाताना पाणी पिण्याच्या नळांची रांग लागली, पूर्वी हे नळ छातीशी येत, आता वाकून पाहावे लागत होते, जणू शाळा हळूहळू जमिनीत चालली होती. वर्गावर्गातून एकाच सुरात काहीतरी म्हटलं जात होतं. फरशी ओली होती आणि पुसणाऱ्या बाईने दोघींकडे अशा काही नजरेने पाहिलं, की दोघींनी बूट हातात घेतले.

प्रार्थनाघर लहान होतं. सहा बाकं, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, पुढे खुर्चीत टपाल सिस्टर. टाचणीला त्या मोठ्या आठवत होत्या. खुर्चीत आता फारसं काही नव्हतं, पांढरे कपडे आणि त्यांच्या बाहेर आलेले दोन हात. मांडीवर लाकडी खण. बाकांवर कुणीही नव्हतं. "दिसत नाही त्यांना आता," मॉनिटर कानात कुजबुजली, "पाठ आहे सगळं. संपेपर्यंत थांब, मग मी ओळख करून देते." दोघी शेवटच्या बाकावर बसल्या. घड्याळात सव्वानऊ झाले. सिस्टरनी खणातलं पहिलं कार्ड अंगठ्याने चाचपलं आणि नंबर घेतला, मग नाव.

टाचणीची अपेक्षा होती की प्रार्थना म्हणजे काहीतरी गुणगुणणं असेल, मृतात्म्यांना शांती वगैरे. तसं काहीच नव्हतं. नंबर, मग नाव. आणि मग सिस्टर थांबल्या. नुसत्याच थांबल्या, मान किंचित वर करून. एक माणूस उभं राहून उत्तर देईल एवढा वेळ. मग ते कार्ड मागे गेलं आणि पुढचा नंबर आला. पुढचं नाव. पुन्हा तेवढंच थांबणं. ही हजेरी होती. सिस्टर मेलेल्या मुलींची हजेरी घेत होत्या, आणि कुणालाही गैरहजर मांडायच्या आधी तिला पुरती संधी देत होत्या. टाचणीला तो वर्ग आठवला, भिंतीवरचा नकाशा, नकाशातला तो फाटून चिकटवलेला समुद्र, आणि आपलं नाव आल्यावर घशात अडकणारा तो शब्द. तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे. दुसऱ्या शिक्षिकांच्या हजेरीपटात ती महिन्यातून चार-पाच दिवस नसायची. फक्त सिस्टर नाव घेऊन मान वर करत, नजरेने तिला शोधत, ती सापडेपर्यंत पेन टेकवत नसत. सबंध वर्ग खोळंबायचा. तिला ते लाजिरवाणं वाटायचं. तिला वाटायचं, मांडा ना एकदाची गैरहजर, सुटेन मी. प्रत्येक नावापुढची ती जागा आता तिच्यासमोर एकामागून एक उघडत होती, आणि तिच्यात कुणी बोलत नव्हतं, आणि तरी ती रिकामी वाटत नव्हती. ती एखाद्या खुर्चीसारखी होती, पुसून ठेवलेली. सात. आठ. बाहेर कुठलासा वर्ग सुटला आणि पुन्हा भरला. पंधरा. सिस्टरचा आवाज बारीक होता पण घाई नव्हती त्यात. इतक्या मुली मेल्या आणि एकीलाही त्यांनी उरकलं नव्हतं. अठरा झाली. मग तिचा नंबर आला. मग तिचं नाव.

ते तिने इतक्या वर्षांत बाहेरून ऐकलंच नव्हतं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात ते पूर्ण उच्चारलं गेलं, तिचं, बापाचं आणि आडनाव, आणि क्षणभर तिला वाटलं की हे कुणातरी फार मोलाच्या माणसाचं नाव असावं. मग सिस्टर थांबल्या. मान किंचित वर. आता काही करायचं नाही, हे तिने रस्त्यात ठरवलं होतं. गप्प राहायचं, ऐकायचं, शेवटचं एकदा. थांबणं लांबत चाललं होतं. की तिलाच तसं वाटत होतं? मॉनिटरने तिचा दंड धरला. टाचणीने तोंड उघडलं, आणि पहिल्या बाकापर्यंतही पोचणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "हजर."

"उशीर झाला," सिस्टर म्हणाल्या, कार्ड मागे सरकवलं, आणि पुढचा नंबर घेतला.

हातातले बूट खाली पडले ते मॉनिटरचे. सिस्टर त्याने थांबल्या नाहीत. उरलेल्या बारा मुलींची हजेरी त्यांनी तितक्याच सावकाश पुरी केली, खण मिटला, आणि मग म्हणाल्या, "पुढे या दोघी. बूट कुणाचे?"

"माझे, सिस्टर," मॉनिटर म्हणाली, सोळा वर्षांच्या आवाजात. आणि मग भान येऊन, "सिस्टर, ही मेलेली नाही!"

"ऐकलं मी."

"म्हणजे चूक झाली होती."

"चूक कसली? कार्ड तीनदा परत आलं. तारखा आहेत." सिस्टरची बोटं खणात शिरली आणि न चाचपडता तीन पोस्टकार्डं घेऊन बाहेर आली. टाचणीने ती घेतली. वर तिचंच अक्षर होतं, निळं, तिरकं, तीनदा: इथे राहत नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदा ती उलटून पाहिली. पहिल्यावर होतं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, इथे सगळं ठीक, नळ बदलले. दुसऱ्यावर, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पत्ता चुकला असल्यास कळव. तिसऱ्यावर, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पत्ता बरोबर असल्याचं समजलं, कळवायची गरज नाही.

ती ते तिसरं कार्ड पुन्हापुन्हा वाचत राहिली. "सिस्टर, तुम्ही अक्षर ओळखलंत."

"पाच वर्षं तुझ्या वह्या तपासल्या. तुझा 'ह' आधीपासूनच बेशिस्त."

"मग तुम्हाला माहीत होतं की मी..."

"नियम तीन कार्डांचा आहे," सिस्टर म्हणाल्या. "परत पाठवणारीचं अक्षर कुणाचं असावं, याबद्दल नियमात काही नाही."

टाचणी खुर्चीपाशी जमिनीवर बसली. एवढ्या जवळून दिसत होतं की सिस्टरचे हात सतत थरथरत असतात, आणि कार्ड धरतात तेवढ्यापुरतेच स्थिर होतात. डोळे दुधाळ झाले होते. डोळे म्हणजे तर टाचणीचंच काम. आता कुठलीही काच, पहिली काय नि दुसरी काय, उपयोगाची नव्हती, आणि तरी त्या डोळ्यांनी मान वर करून तिला शोधलं होतं आणि ती सापडली होती.

"आता मला पहिल्या खणात टाकाल?"

"जिवंत मुलीला वर्षातून एक कार्ड. अक्षर मात्र आता माझं नसतं, स्वयंपाकघरातली सिस्टर लिहिते. चुका करते."

"आणि शुक्रवार?"

"शुक्रवार दुसऱ्या खणाचा."

"मी दुसऱ्याच खणात राहिले तर?"

"असं कसं राहशील!" मॉनिटर उसळली. "तुझ्यासाठी मग मी दोन मिनिटं... आणि ग्रुपवर काय सांगू? मेली पण भेटली?"

सिस्टरनी विचार केला. त्या खरंच विचार करत होत्या, हे त्यांच्या अंगठ्यावरून कळत होतं. "अर्ज कर," शेवटी त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापिकेच्या नावे. मंजूर व्हायचा नाही. पण दप्तरी राहील."

ओवरीतल्या ठेंगण्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन टाचणी बसली. मॉनिटरने ऑफिसातून कागद आणला, आणि मग सवयीने डोक्यावर उभी राहून सांगायला लागली, "समास सोड. आधी विषय लिही. विषयाखाली रेघ." तिचा आवाज भरून आला होता आणि ते लपवण्यासाठी ती ओरडत होती. टाचणीने समास सोडला. आत प्रार्थनाघरात कुणीतरी खण कपाटात ढकलायला मदत करत होतं, आणि सिस्टर सांगत होत्या, सावकाश, सावकाश, मुली आहेत आत. ते ऐकून टाचणीचं पेन थबकलं. सिस्टरना नव्वद वर्षं झाली होती. इतका वेळ ती आपल्याच नावाचा विचार करत होती. मग ती लिहायला लागली, आणि मॉनिटरने पुढे काय सांगितलं ते तिने ऐकलं नाही.

*प्रति, मा. मुख्याध्यापिका यांस.*

*विषय: दिवंगत विद्यार्थिनींच्या यादीतून नाव न वगळण्याबाबत.*

*महोदया, मी आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी असून अकरा वर्षांपासून दिवंगत आहे. सध्या मी जिवंत असल्याचे चिटणीसबाईंच्या निदर्शनास आले आहे. ही बाब माझ्या नोंदीच्या आड येऊ देऊ नये. मी आज ना उद्या मरणारच असल्याने नोंद खोडून पुन्हा करण्याचे कार्यालयाचे श्रम वाचतील. नाव घेतल्यानंतर जो वेळ थांबले जाते तो कमी करू नये; उत्तर येवो अथवा न येवो. तसेच सदर हजेरी विद्यमान सिस्टर यांनीच घ्यावी. त्यांच्याऐवजी अन्य कोणाची नेमणूक करू नये. त्यांचे वय लक्षात घेता पुढेमागे त्यांच्याकडून अथवा वरिष्ठांकडून त्यांच्या निधनाबाबत विचारणा झाल्यास, शाळेच्या कामाची निकड पाहता कार्यालयाने त्यास परवानगी देऊ नये, ही नम्र विनंती.*